भाजीवरचं औषध 'खाणारं' एन्झाइम: कोणी वापरलंय का?

मुलुंडची_मैना

मंडळी, एक शंका आहे. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी सोसायटीच्या गेटजवळ छत्री लावून एक मुलगा उभा होता. फळं-भाज्या धुवायचं द्रावण विकत होता, अर्ध्या लिटरची बाटली 349 रुपये. समोर काचेची दोन भांडी, दोन्हीत चिरलेला कोबी. एकात साधं पाणी, दुसऱ्यात त्याचं द्रावण. द्रावणाचं पाणी बघता बघता पिवळं झालं. "बघा काकू, हे सगळं तुम्ही रोज खाता." काकू म्हणाला तेव्हाच मी तिथून निघायला हवं होतं, पण पिवळं पाणी बघून पाय अडकला.

त्याचं म्हणणं असं, की यात जिवाणूंपासून काढलेलं एन्झाइम आहे. ते 5 मिनिटांत कुठलंही कीटकनाशक खाऊन टाकतं आणि मागे उरतं ते शंभर टक्के निर्धोक. मी बाटली घेतली. नवरा म्हणतोय 349 रुपयांचं पाणी आणलंस. सासूबाई म्हणतायत आम्ही काय मेलो का इतकी वर्षं.

असं एन्झाइम खरंच असतं का? आणि असलं तर ते बाटलीत भरून माझ्या कोथिंबिरीवर चालेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि तुम्ही भाज्या कशा धुता तेही सांगा.

खडूस_खोपोलीकर

एन्झाइम औषध खातं हे ठीक, पण आमच्या घरात भाजी कोण खातं हाच मूळ प्रश्न आहे. हलके घ्या.

चाळीतली_चिमणी

मी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवते, मग नळाखाली. आमची आई पालेभाजीच्या टोपात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकायची. पाणी जांभळं, आईची बोटं तपकिरी. भाजी स्वच्छ व्हायची की नाही देव जाणे, पण आम्ही भावंडं ते पाणी बघायला ओट्यापाशी गर्दी करायचो.

शंकासुर

सगळा बाजार आहे. साधा विचार करा. ही कीटकनाशकं माणसाने कारखान्यात बनवली, त्यातल्या बहुतेकांना शंभर वर्षंही झाली नाहीत. जिवाणू कोट्यवधी वर्षं मातीत आहेत. जे रसायन त्यांनी कधी पाहिलंच नाही, ते पचवायचं एन्झाइम त्यांच्याकडे कुठून येणार? एन्झाइम, नॅनो, क्वांटम हे शब्द बाटलीवर दिसले की मी खिसा दाबून धरतो.

मुलुंडची_मैना

@शंकासुर, हेच माझा नवरा म्हणतोय. तुम्ही दोघं एकच आयडी तर नाही ना?

प्रथिनपुत्र

शंकासुरांचा प्रश्न भारी आहे. उत्तर मात्र त्यांना वाटतं त्याच्या उलट आहे. माझं काम याच विषयाच्या आसपासचं, त्यामुळे जरा पसरट लिहितो.

1973 साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सेतुनाथन आणि योशिदा या दोघांनी डायझिनॉन हे कीटकनाशक मारलेल्या भातखाचरातून एक जिवाणू वेगळा केला. तो डायझिनॉन तर तोडायचाच, पॅराथिऑन हे दुसरं कीटकनाशकही तोडायचा. हे सेतुनाथन पुढे कटकच्या भात संशोधन संस्थेत होते. या जिवाणूतल्या एन्झाइमला आज फॉस्फोट्रायएस्टरेज म्हणतात. ते ज्या जनुकावरून बनतं तो जनुक प्लास्मिडवर असतो. प्लास्मिड म्हणजे जिवाणू एकमेकांना देतात-घेतात ती डीएनएची छोटी वर्तुळं. गंमत अशी, की अमेरिकेत सापडलेल्या एका वेगळ्याच जिवाणूत तंतोतंत हाच जनुक निघाला. म्हणजे चाळीत एकीकडे लोणच्याची नवी कृती आली की आठवड्यात चारही मजल्यांवर तेच लोणचं, तसा प्रकार.

हे एन्झाइम किती जोरदार आहे? पॅराऑक्सॉन या विषाचे हजारो रेणू एक एन्झाइम एका सेकंदात तोडतं. याहून फार वेगात जाणं शक्यच नाही, कारण मग रेणू एन्झाइमपर्यंत पोचायला जो वेळ लागतो तीच मर्यादा उरते. त्याच्या पोटात जस्ताचे दोन अणू असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा एक तुकडा धरलेला असतो आणि तो विषाच्या फॉस्फरसवर जाऊन आदळतो. 'खाणं' वगैरे काही नाही, पाणी वापरून एक बंध तोडणं एवढंच.

आता 'कुठून आलं?' हा प्रश्न. शून्यातून नाही आलं. दुसरंच काहीतरी काम करणारं जुनं एन्झाइम होतं (बहुधा लॅक्टोन नावाच्या रेणूंवर काम करणारं), त्यात थोडे बदल झाले. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण अ‍ॅट्राझिनचं. मका आणि उसात मारतात ते तणनाशक, 1950 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं. 1990 च्या दशकात मिनेसोटातल्या संशोधकांना ते फस्त करणारा स्यूडोमोनास हा जिवाणू सापडला. त्याचं पहिलं एन्झाइम मेलामाइनवर काम करणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमशी ताडून पाहिलं, तर 475 अमिनो आम्लांपैकी (एन्झाइमच्या साखळीतले मणी म्हणा) फक्त 9 वेगळी. नऊ अक्षरं बदलली आणि कुलूप बदललं.

तेव्हा शंकासुर, जिवाणूंनी ही रसायनं पाहिली नव्हती हे खरं. पण आपण ती दरवर्षी टनांनी त्यांच्या घरात ओतली. अन्न भरपूर असेल तर त्यांची पिढी अर्ध्या-एक तासाची. शिकायला त्यांना भरपूर वेळ मिळाला.

बाटलीबद्दल नंतर लिहितो, आत्ता लोकलमध्ये आहे, ठाणे आलं.

शंकासुर

माहिती आवडली, मत मागे घेतो. अर्धंच. बाटलीबद्दलचं नाही.

खडूस_खोपोलीकर

ठाण्याला उतरायला मिळालं का? :)

ट्रॉम्बेकर

प्रथिनपुत्र यांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं. मी निवृत्त माणूस, भाभा अणुसंशोधन केंद्रात अगदी वेगळ्या विभागात होतो, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथल्या जीवशास्त्राच्या मंडळींनी याच कुळातला फ्लेवोबॅक्टेरियम जिवाणू घेऊन एक साधा संवेदक बनवला होता. काचतंतूंच्या गाळणकागदावर जिवाणूंच्या पेशी चिकटवायच्या आणि त्यावर नमुना सोडायचा. त्यात मिथाइल पॅराथिऑन असेल तर एन्झाइम ते तोडतं आणि पॅरा-नायट्रोफेनॉल सुटतं, ते पिवळं असतं. तो पिवळेपणा उपकरणाने मोजायचा. 2006 च्या सुमारास ते काम प्रसिद्ध झालं. म्हणजे या विषयात आपल्या मुंबईचाही हात आहे.

मुलुंडची_मैना

काका! पिवळं!! माझ्या भांड्यातलं पाणी पिवळंच झालं होतं! म्हणजे त्या मुलाचं एन्झाइम खरं?

प्रथिनपुत्र

घरी पोचलो. मैनाताई, थांबा थांबा. नाचू नका.

पहिली गोष्ट, मिथाइल पॅराथिऑनवर भारतात 2018 साली बंदी आली. त्याच यादीत डायझिनॉन आणि कार्बारिलही होती. चोरून कोणी मारत नसेल असं म्हणत नाही, पण स्टॉलवरच्या प्रत्येक कोबीत डोळ्यांना दिसेल इतका पिवळा रंग यायला तो कोबी त्या औषधात बुडवून काढावा लागेल.

दुसरी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इडलीत सोडा जास्त पडला की काय होतं?

चाळीतली_चिमणी

पिवळे डाग पडतात!

प्रथिनपुत्र

चिमणीला पैकीच्या पैकी. कोबी, फ्लॉवर, कांदा, तांदूळ, गहू या सगळ्यांत फ्लेव्होनॉइड नावाची रंगहीन द्रव्यं असतात. अल्क मिळाला की ती पिवळी होतात. त्या बाटलीत सोड्यासारखं काही असेल तर कुठलाही कोबी पिवळा पडेल, तुमच्या गच्चीत नुसत्या शेणखतावर वाढवलेलासुद्धा.

आता मूळ बाटली. 'कुठलंही कीटकनाशक' या दोन शब्दांवरच मी अडतो. एन्झाइम म्हणजे एका कुलपाची किल्ली. फॉस्फोट्रायएस्टरेज ऑर्गॅनोफॉस्फेट गटावर (डायझिनॉन, पॅराथिऑन त्यातलेच) चालतं, आणि त्या गटातही सगळ्यांवर सारखं नाही. पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटाला वेगळं एन्झाइम लागतं. इमिडाक्लोप्रिडसारख्या निओनिकोटिनॉइडला हे हातही लावणार नाही. मँकोझेब हे तर बुरशीनाशक, त्याची जातच निराळी. एका बाटलीत सगळ्या कुलपांच्या किल्ल्या भरल्या तरी दुसरी अडचण उरतेच. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून आत गेलेलं असतं आणि एन्झाइम हा अवाढव्य रेणू, तो भेंडीच्या आत शिरत नाही.

वसईचा_वाडीवाला

आंतरप्रवाही म्हटलं म्हणून लिहितो. आमची वाडी वाघोलीकडे. वांगी, भेंडी, थोडी केळी, आजीच्या वेळेपासून. शहरातल्या लोकांना वाटतं आम्ही मजेत औषध मारतो. बाबांनो, औषध फुकट मिळत नाही. मावा-तुडतुडे आले की मारावं लागतं. खरा प्रश्न असा असतो, की औषध मारल्यावर किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं आणि भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. सात दिवस थांबलो तर भेंडी काठीसारखी होते. मग कोणी थांबतं, कोणी थांबत नाही. तुम्ही पाच मिनिटांची बाटली शोधताय, इकडे पाच दिवस थांबायची सोय झाली तर बाटली लागणारच नाही.

आमच्याकडे दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क वापरतो. पण वांग्याच्या शेंडेअळीला तो पुरत नाही हेही खरं सांगतो.

मुलुंडची_मैना

दादा, हे मला माहीतच नव्हतं. भेंडी मोडून बघायची आमची सवय, कोवळी म्हणजे चांगली एवढंच कळतं.

वसईचा_वाडीवाला

मोडून बघता आणि मग घेत नाही, तेही आम्हाला माहीत आहे. :)

पिंपळगावची_द्राक्षं

वाडीवाल्या दादांशी सहमत. आम्ही द्राक्षवाले 2010 मध्ये पोळलोय. युरोपात गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट सापडलं आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. ते कीटकनाशक नव्हे, वाढ रोखणारं संजीवक, पण रेसिड्यू (मालात उरलेला अंश) तो रेसिड्यू. तेव्हापासून एक्स्पोर्टच्या बागेत डावणी-भुरी या रोगांवरचा प्रत्येक स्प्रे वहीत लिहिलेला असतो आणि काढणीआधी सॅम्पल लॅबला जातं. गंमत बघा, युरोपच्या माणसासाठी सॅम्पल तपासतात आणि दादरच्या माणसासाठी स्टॉलवर बाटली मिळते.

चाळीतली_चिमणी

शेवटच्या वाक्याला +1.

अवांतर: रुळांच्या कडेला जो पालक आणि माठ पिकवतात, त्याला हे एन्झाइम चालेल का? आमच्या भागात तो टोपलीभर स्वस्त येतो.

प्रथिनपुत्र

त्या पालकाचं दुखणं वेगळं आहे. तिथे काळजी सांडपाण्याची आणि त्यातल्या जड धातूंची. शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं. जिवाणू रेणूचे बंध तोडू शकतो, मूलद्रव्य तोडू शकत नाही. ते तोडायचं तर ट्रॉम्बेकर काकांकडे जावं लागेल.

ट्रॉम्बेकर

पालकासाठी अणुभट्टी सुरू करत नाहीत हो.

सोसायटी_सेक्रेटरी

धाग्यावर जाणकार दिसतायत म्हणून विचारतो. आमची इमारत 1978 ची, बोरिवली. दोन वर्षांपूर्वी वाळवीसाठी तळमजल्यावर ड्रिलने भोकं पाडून क्लोरपायरिफॉस भरलं. महिनाभर जिन्यात वास होता. आता पुन्हा वाळवी दिसतेय. पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, मातीतले जिवाणू औषध खातात. हे खरं की कामचुकारपणा? कमिटीत मला उत्तर द्यायचंय.

प्रथिनपुत्र

दोन्ही असू शकतं. :)

एकाच मातीत तेच औषध वर्षानुवर्षं पडलं की ते तोडणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढते आणि औषध लवकर संपतं. शेतात हे पुष्कळ ठिकाणी दिसलंय. फिलिपिन्सच्या त्या भातखाचरांतही तोच प्रकार होता, म्हणून तर तो जिवाणू तिथे सापडला. पण इमारतीखाली जे प्रमाण वापरतात ते शेतापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि इतक्या दाट डोसमध्ये जिवाणूंचाच दम कोंडतो. शिवाय क्लोरपायरिफॉस तुटल्यावर टीसीपी नावाचा पदार्थ उरतो, तो स्वतः जिवाणूंना मारक आहे. म्हणजे एक घास खाल्ला आणि त्याच घासाने पोट बिघडलं. दोन वर्षांत वाळवी आली तर भोकं किती अंतरावर आणि किती खोल पाडली होती ते आधी विचारा.

मैनाताई, त्या मुलाचं 'उरतं ते शंभर टक्के निर्धोक' इथेच पडतं. टीसीपी पाण्यात मूळ औषधापेक्षा सहज विरघळतं. कार्बारिलचं तर आणखी वाईट.

शंकासुर

कार्बारिल म्हणजे भोपाळवालं ना?

प्रथिनपुत्र

हो. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री जो मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तो कार्बारिल बनवायला लागणारा कच्चा माल. तो आणि 1-नॅफ्थॉल जोडून कार्बारिल बनतं. जिवाणू नेमकं उलटं करतो, कार्बारिल तोडून 1-नॅफ्थॉल मोकळं करतो. आणि हे 1-नॅफ्थॉल जिवाणूला मूळ औषधापेक्षा जास्त घातक.

मग तो जगतो कसा? यावर आपल्या पवईच्या आयआयटीत फार देखणं काम झालंय. तिथल्या स्यूडोमोनासमध्ये कार्बारिल तोडणारं एन्झाइम पेशीच्या आत नसतं. ते दोन आवरणांमधल्या जागेत असतं, त्याला पेरिप्लाझम म्हणतात. घराबाहेरच्या पडवीत म्हणा. घाण काम पडवीत. 1-नॅफ्थॉल थोडं थोडं आत येतं आणि आत दुसरं एन्झाइम तयारच बसलेलं असतं, ते लगेच त्याचा निकाल लावतं. पुढे एकामागून एक पायऱ्या, त्यात सॅलिसिलिक आम्लही येतं (अ‍ॅस्पिरिनचं चुलत भावंड), आणि शेवटी साध्या अन्नासारखं ते जिवाणूच्या भट्टीत जातं. हे अख्खं यंत्र जिवंत पेशीत चालतं. बाटलीत नुसतं पहिलं एन्झाइम भरलं तर काम पडवीतच थांबेल.

सानपाड्याची_सून

पडवी वाचून डोळ्यात पाणी आलं. कोकणातल्या घरी मासे पडवीतच साफ करायचे.

बोंबील_फ्राय

मासे म्हणालात म्हणून. कोणाला आठवतंय का, ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईच्या बाहेर समुद्रात एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन बोटी आदळल्या? तेल तर सांडलंच, पण कंटेनर पडले त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती. कितीतरी दिवस आम्ही मासे आणले नाहीत. श्रावण होता म्हणून लोकांचं निभावलं. माझी आजी मात्र श्रावण पाळत नव्हती, तिने त्या बोटीच्या कप्तानाला जे शाप दिले ते इथे लिहिले तर प्रतिसाद उडेल.

खडूस_खोपोलीकर

धाग्याचं मासळी मार्केट केल्याबद्दल अभिनंदन.

रात्रपाळी_डॉक्टर

उशिरा आलो. वाचतोय. एक गंभीर भर घालतो.

मी शिकाऊ डॉक्टर असताना विदर्भात होतो. ऑर्गॅनोफॉस्फेटचा पेशंट दारातून आत येतो तेव्हाच कळतो. लसणासारखा वास, तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शरीरात अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारं एक एन्झाइम असतं, हे विष त्यालाच जाम करतं, मग मज्जातंतूंचा संदेश थांबतच नाही. अ‍ॅट्रोपिन देत राहायचं, सोबत पॅम, दोन्ही उतारे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. भाजी खाऊन नव्हे, अंगावर उडून आणि श्वासातून. पाठीवर पंप, उघडे पाय, वाऱ्याची दिशा उलटी, कपाशी डोक्याच्या उंचीची.

आपण मुंबईत बसून कोथिंबिरीवरच्या कणाकणाची चर्चा करतो ती करावीच, पण सगळ्यात मोठा डोस त्या पंपवाल्याला मिळतो. तुमच्याकडे गावी कोणी फवारणी करत असेल तर एवढं सांगा: अंगावर सांडलं की कपडे ताबडतोब काढायचे आणि साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचं. त्याच कपड्यांत घरी चालत यायचं नाही.

एन्झाइमचा औषध म्हणून वापर? प्राण्यांवर प्रयोग झालेत, हेच फॉस्फोट्रायएस्टरेज रक्तात देऊन. आपल्या रक्तातही पॅराऑक्सोनेज नावाचं, असंच काम करणारं एक एन्झाइम आहे, पण त्याचा वेग फार कमी. वॉर्डात मात्र अजून अ‍ॅट्रोपिनच.

वसईचा_वाडीवाला

डॉक्टरसाहेब, बरोबर लिहिलंत. माझा चुलता फवारून आला की विहिरीवर आंघोळ करूनच घरात शिरायचा. आम्हाला वाटायचं सोवळं पाळतो.

प्रथिनपुत्र

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून: बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेने कापडात ऑक्झिम नावाचं रसायन बसवून फवारणीचा पोशाख बनवला. औषध कापडावर पडलं की तिथेच निकामी व्हायला लागतं. 'किसान कवच' नावाने डिसेंबर 2024 मध्ये आला, किंमत 4 हजारांच्या आसपास सांगितली होती. एन्झाइम नाही, रसायनच आहे, पण काम त्याच धर्तीचं.

आणि एन्झाइम बाजारात आलंच नाही असं नाही हं. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमधलं असंच एक एन्झाइम तयार केलं. तिथे मेंढ्यांना गोचीड-उवांसाठी औषधाच्या हौदात बुडवून काढतात. उरलेलं हौदभर विषारी पाणी फेकायचं कुठे? त्यात हे एन्झाइम टाकायचं. माहीत असलेलं एकच औषध, आणि ते पाण्यात मोकळं. तिथे एन्झाइम शोभतं.

शंकासुर

म्हणजे मैनाताईंनी कोथिंबिरीऐवजी मेंढी आणली असती तर बाटली चालली असती.

चाळीतली_चिमणी

खिक्!

मगाशी इडलीचा विषय निघाला म्हणून विचारते. आंबवल्याने औषध कमी होतं का? पिठात पण जिवाणूच असतात ना?

प्रथिनपुत्र

फार चांगला प्रश्न. कोरियात 2009 साली किमचीवर, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या कोबीवर, असा प्रयोग झाला. मुद्दाम क्लोरपायरिफॉस घालून आंबवलं, तर ते कमी कमी होत गेलं. तोडणारे जिवाणू वेगळे काढले, त्यात ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस होता. इडलीचं पीठ फुगवण्यात याच प्रजातीचा मोठा वाटा असतो. पण प्रजात एक असली तरी वाण वेगळा असू शकतो. पुण्याचे जोशी आणि गुहागरचे जोशी, आडनाव एक, पाककृती वेगळ्या. तेव्हा इडली चवीसाठी खा.

गुहागरचा_जोशी

निषेध.

रात्रपाळी_डॉक्टर

जिवाणूंची दुसरी बाजूही सांगा ना, तो जपानी ढेकूण.

प्रथिनपुत्र

हो, विसरलोच. शेंगांवर पडणारा एक ढेकूण आहे. तो मातीतून बर्कहोल्डेरिया जिवाणू गिळतो आणि पोटात पाळतो. 2012 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की ज्या मातीत फेनिट्रोथिऑन वारंवार मारलंय तिथे ते औषध तोडणारे बर्कहोल्डेरिया वाढतात, ढेकूण नेमके तेच गिळतो, आणि मग फवारलेलं औषध त्याच्या अंगी लागत नाही. स्वतःच्या जनुकात काहीही बदल न करता. आपण विष मारून शत्रूसाठी उतारा पिकवला.

पिंपळगावची_द्राक्षं

हे वाचून झोप उडाली. आमच्याकडे थ्रिप्स या किडीवर औषध चालेना की दुकानदार म्हणतो डोस वाढवा.

शंकासुर

आता मुद्द्यावर या रे कोणीतरी. मैनाताई कुठे गेल्या? बाटलीचं काय झालं?

मुलुंडची_मैना

आहे आहे. प्रयोग करत होते. :)

काल चार वाट्या मांडल्या. प्रथिनपुत्र यांच्या इडलीवरून सुचलं. पहिलीत कोबी आणि साधं पाणी. दुसरीत कोबी आणि बाटलीतलं द्रावण. तिसरीत कोबी आणि धुण्याचा सोडा. चौथीत कोबीच नाही, चमचाभर कणीक आणि धुण्याचा सोडा.

पाच मिनिटांत दुसरी, तिसरी, चौथी तिन्ही पिवळ्या. कणकेची तर हळदीसारखी. नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे 349 रुपयांचं पाणी नव्हतं, 349 रुपयांचा सोडा होता. मग बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली: पाणी, सोडियम कार्बोनेट, फेस आणणारं काहीतरी, लिंबाचा सुगंध आणि 'एन्झाइम मिश्रण'. कुठलं एन्झाइम ते नाही. किती ते नाही.

शंकासुर

कणकेचा मुद्दा मान्य, पण गव्हावर मारत नाहीत का काही?

मुलुंडची_मैना

तुम्ही नक्की माझा नवराच आहात.

प्रथिनपुत्र

ताई, तुलनेची वाटी ठेवलीत, जिंकलंत. एक सुधारणा: यावरून बाटलीत एन्झाइम नाही असं सिद्ध होत नाही. पिवळ्या रंगाला एन्झाइम लागत नाही एवढंच सिद्ध होतं. त्या वाटीतला कोबी मात्र खाऊ नका, धुण्याचा सोडा आहे.

धुण्याबद्दल: 2017 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला होता. खायच्या सोड्याचं 1 टक्का द्रावण, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम, साधारण दोन सपाट चमचे, आणि 12 ते 15 मिनिटं बुडवून ठेवायचं. सालीवरची दोन औषधं त्याने निघाली, साध्या नळाच्या पाण्यापेक्षा चांगली. सालीच्या आत शिरलेली मात्र राहिली. बरीच औषधं अल्कात तुटतात, त्यामागचं रसायन साधंच आहे. मी स्वतः वाहत्या पाण्याखाली चोळून धुतो, कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाकतो, आणि सफरचंद असेल तर सोडा.

चाळीतली_चिमणी

म्हणजे मीठ बाद?

प्रथिनपुत्र

अळ्या बाहेर काढायला मीठ उत्तम. फ्लॉवरला सोडू नका.

सोसायटी_सेक्रेटरी

अहो, या रविवारी आमच्या गेटपाशी तोच स्टॉल! दोन भांडी, कोबी, पिवळं पाणी. मी विचारलं, बाबा एन्झाइमचं नाव काय? तो म्हणाला कंपनीचं गुपित आहे. म्हटलं, ठीक, कोबीऐवजी कणीक टाकून दाखव. तो म्हणाला, काका, दोनवर एक फ्री आहे.

मुलुंडची_मैना

तुम्हाला काका म्हणाला! आता कुठे समाधान झालं.

चाळीतली_चिमणी

सेक्रेटरीसाहेब, घेतल्यात का तीन?

सोसायटी_सेक्रेटरी

एक घेतली. जिन्याच्या पायऱ्या लख्ख निघतात.

गुहागरचा_जोशी

इडलीचं प्रमाण कोणीतरी टाका. आमच्याकडे तीनास एक. पुण्याचे जोशी काय घालतात तेही कळू द्या.